प्रशिक्षणामुळे नोकरी लागली, हे कशावरून?

कारखान्यात, रुग्णालयात, दुकानात किंवा कचेरीत प्रत्यक्ष काम करत शिकण्याच्या योजनांवर सरकार, उद्योग आणि स्वयंसेवी संस्था मोठा खर्च करत आहेत. त्यातून तरुणांच्या पदरात खरोखर काय पडते, हे कसे ओळखायचे, अशा आशयाची बरीच पत्रे या सदराकडे आली. त्यांतील काही प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमची संस्था शिक्षण सुटलेल्या मुलामुलींना तीन महिने वर्गात आणि तीन महिने एमआयडीसीतल्या कारखान्यांत प्रशिक्षण देते. गेल्या तुकडीतल्या १०० पैकी ७० जणांना नोकरी लागली. तरीही एका देणगीदाराने ‘यात तुमचा वाटा किती?’ असे विचारले. ७० टक्के हा आकडा पुरेसा का नाही? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तुमचा आकडा खोटा नाही आणि तो गाठण्यासाठी तुमच्या कार्यकर्त्यांनी किती खस्ता खाल्ल्या असतील याची मला कल्पना आहे. तरीही देणगीदाराचा प्रश्न रास्त आहे. प्रशिक्षण संपल्यावर काय झाले, एवढेच हा आकडा सांगतो. प्रशिक्षण नसते तर याच मुलांचे काय झाले असते, याविषयी तो काहीच सांगत नाही.

समजा, त्याच तालुक्यांतली, त्याच वयाची, तेवढीच शिकलेली आणि तुमच्याकडे अर्ज करण्याइतकीच धडपडी अशी आणखी १०० मुले आहेत, त्यांना प्रशिक्षण मिळाले नाही, आणि तरीही वर्षभराने त्यांतली ६२ कुठे ना कुठे कामाला लागली. मग तुमच्या प्रशिक्षणामुळे लागलेल्या नोकऱ्या ७० नव्हेत, ८ ठरतात. प्रत्येक मुलामागे ३०,००० रुपये खर्च आला असेल, तर एका जास्तीच्या नोकरीचा खर्च पावणेचार लाख रुपये होतो. हा खर्च योग्य की अयोग्य, हे त्या नोकरीच्या पगारावर आणि ती किती वर्षे टिकते यावर ठरेल. पण निदान हिशेब तरी खऱ्या आकड्यावर मांडला जाईल.

आठ हा आकडा किरकोळ वाटेल, पण तो तसा नाही. डेव्हिड मॅकेन्झी या अर्थतज्ज्ञांनी २०१७ मध्ये विकसनशील देशांतल्या काटेकोर अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की, प्रशिक्षण घेतलेल्या १०० जणांमागे सरासरी दोन ते तीन जणांनाच अशी नोकरी मिळाली, जी त्यांना एरवी मिळाली नसती. म्हणून एखादी संस्था ‘आम्ही ९० टक्के तरुणांचे आयुष्य बदलले’ असे सांगते, तेव्हा तिच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नसले, तरी त्या आकड्याच्या मांडणीवर शंका जरूर घ्यावी.

‘आधी बेकार होता, आता कमावतो’ अशी तुलनाही पुरेशी नसते. प्रशिक्षणाला मुलगा येतो तो बहुधा हातचे काम सुटल्यावर, घरची अडचण झाल्यावर, म्हणजे त्याची कमाई सर्वांत खाली गेलेली असताना. त्याची कमाई काही महिन्यांत थोडीफार सावरणारच असते. ऑर्ली ॲशनफेल्टर या अर्थतज्ज्ञांनी १९७८ मध्ये अमेरिकेतल्या प्रशिक्षणार्थींच्या बाबतीत प्रवेशापूर्वीची ही घसरण दाखवून दिली आणि तेव्हापासून मूल्यमापन करणारे लोक निव्वळ आधी-नंतरच्या तुलनेवर विसंबत नाहीत. दुष्काळानंतरच्या चांगल्या पावसाच्या वर्षी नवे बियाणे पेरून उतारा वाढला, तर श्रेय बियाण्याचे की पावसाचे, हे शेजारच्या जुन्या बियाण्याच्या वावराकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. येथेही तसेच आहे.

आणखी एक गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. निव्वळ नोकरी लागल्याचा आकडा हेच यशाचे माप ठरले आणि त्यावर पुढचा निधी अवलंबून राहिला, की प्रवेशाच्या वेळीच चाळणी लागते. बोलका, दुचाकी असलेला, कारखान्याजवळ राहणारा मुलगा आत येतो आणि वाडीवस्तीवरची, दोन एसटी बदलून येणारी मुलगी बाहेर राहते. अमेरिकेत १९८० च्या दशकात ‘जॉब ट्रेनिंग पार्टनरशिप ॲक्ट’ या कायद्याखालच्या केंद्रांची कामगिरी अशाच तत्काळ आकड्यांवर मोजली जात असे. त्याच कार्यक्रमाची सुमारे २०,००० अर्जदारांवर, चिठ्ठ्या टाकून गट पाडावेत तशा पद्धतीने पाहणी झाली, तेव्हा प्रौढांच्या कमाईत माफक वाढ दिसली, तर शाळा सोडलेल्या तरुणांच्या कमाईत दखल घेण्याजोगी वाढ दिसलीच नाही. पुढे अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, केंद्रांची तत्काळ आकड्यांवर ठरणारी कामगिरी आणि तिथल्या लोकांना दीर्घकाळात झालेला खरा लाभ यांचा परस्परांशी फारसा मेळच नव्हता.

तुमच्या संस्थेने काय करावे? तुमच्याकडे अर्ज करूनही जागेअभावी प्रवेश न मिळालेल्या मुलामुलींची यादी फेकून देऊ नका. तुमच्या कामाचा वाटा किती, याचे उत्तर त्याच यादीत आहे.

प्रश्न : म्हणजे काही मुलांना मुद्दाम बाहेर ठेवून त्यांच्यावर लक्ष ठेवायचे का? गरजू मुलांच्या बाबतीत चिठ्ठ्या काढणे अन्यायाचे वाटते. (एक प्राध्यापिका, लातूर)

उत्तर : जागा पुरेशा असताना कोणाला नाकारणे अन्यायाचेच होईल, आणि तसे कोणी करू नये. पण ४० जागांसाठी १३० अर्ज येतात, तेव्हा ९० जण बाहेर राहणारच असतात; प्रश्न फक्त कोणत्या पद्धतीने, एवढाच उरतो. ओळखीने, आधी आला त्याला, किंवा मुलाखतीत बरा वाटला त्याला, यांपेक्षा किमान पात्रता पूर्ण करणाऱ्यांत सर्वांसमोर चिठ्ठ्या काढणे मला अधिक न्याय्य वाटते. शिवाय त्यातून एरवी न मिळणारी एक गोष्ट मिळते : आत आलेले आणि बाहेर राहिलेले यांच्यात नशिबाखेरीज दुसरा फरक उरत नाही आणि पुढे त्यांच्या कमाईत फरक पडला, तर तो प्रशिक्षणाचाच मानता येतो.

कोलंबियातल्या ‘होवेनेस एन आक्सिओन’ या कार्यक्रमाने हेच केले. गरीब वस्त्यांतल्या १८ ते २५ वर्षांच्या तरुणांना तीन महिने वर्गात आणि तीन महिने कंपनीत शिकवणारा हा कार्यक्रम होता. २००५ च्या तुकडीसाठी प्रशिक्षण संस्थांनी जागांपेक्षा जास्त उमेदवार निवडले आणि त्यांतून अंतिम निवड संगणकाने चिठ्ठी पद्धतीने केली. तरुणींच्या कमाईत सुमारे २० टक्के वाढ दिसली. पुढे सामाजिक सुरक्षेच्या सरकारी नोंदी तपासून केलेल्या अभ्यासात सुमारे दशकभरानंतरही औपचारिक नोकरीत असण्याचे प्रमाण प्रशिक्षितांमध्ये जास्त आढळले. निवड ओळखीने झाली असती, तर हे आज कोणालाही ठामपणे सांगता आले नसते.

ज्या घरात कोणीच कमावते नाही अशांना, एकल पालकांच्या मुलांना किंवा अपंग उमेदवारांना चिठ्ठीशिवाय प्रवेश देण्याची सोय अवश्य ठेवावी. फक्त त्यांची नोंद वेगळी ठेवावी आणि तुलनेत त्यांना धरू नये.

प्रश्न : माझ्या कारखान्यात ६० कामगार आहेत. कायद्यामुळे शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. वर्षभर शिकवून तयार केलेला मुलगा दोन हजार रुपये जास्त मिळताच शेजारच्या कारखान्यात जातो. मग या योजनेचा फायदा नेमका कोणाला? (एक लघुउद्योजक, नाशिक)

उत्तर : तुमची तक्रार खरी आहे, पण ती तुमच्या हिशेबातली आहे, मुलाच्या हिशेबात तोच प्रसंग जमेच्या बाजूला पडतो. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ आणि त्याखालील नियमांप्रमाणे ३० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला, कंत्राटी कामगार धरून, एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. तुमच्याकडे ते फार तर नऊ होतील. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के, कमाल १,५०० रुपये महिना, इतका वाटा केंद्र सरकार उचलते. सार्वजनिक पैसा यात आहे, तो तुमच्या कारखान्याला कामगार पुरवण्यासाठी नसून मुलाच्या हातात कोठेही चालेल असे कौशल्य येण्यासाठी आहे. म्हणून तो शेजारी गेला आणि तिथे व्हीएमसी मशीनवर (धातू कापणाऱ्या संगणकीकृत यंत्रावर) स्वतः सेटिंग करू लागला, तर मूल्यमापनात ते यश धरले पाहिजे.

युगांडात झालेल्या एका मोठ्या प्रयोगात याच मुद्द्याची परीक्षा झाली. काही तरुणांना व्यवसाय प्रशिक्षण संस्थेत सहा महिने शिकवून प्रमाणपत्र दिले गेले. काहींना थेट छोट्या उद्योगांत ठेवून मालकाला शिकवण्यासाठी अनुदान दिले गेले. थेट उद्योगात शिकलेल्यांना काम लवकर मिळाले, पण पुढच्या वर्षांत त्यांचा लाभ ओसरत गेला. प्रमाणपत्र असलेले मात्र एक नोकरी सुटली तरी दुसरी मिळवू शकले. दुसऱ्या मालकाला दाखवता येईल असा पुरावा हातात नसेल, तर शिकलेले काम पहिल्या मालकाच्या दारातच अडकून पडते. त्यामुळे मुलाला परीक्षेला बसवणे, त्याने कोणकोणत्या मशीनवर काम केले त्याची दैनंदिनी भरून घेणे आणि त्यावर सुपरवायझरची सही घेणे, ही कामे तुम्ही औपचारिकता म्हणून उरकू नयेत, असा माझा आग्रह आहे.

मूल्यमापन करणाऱ्याने तुम्हालाही एक अवघड प्रश्न विचारला पाहिजे. शिकाऊ उमेदवार आल्यापासून तुमच्या कायम आणि कंत्राटी कामगारांची संख्या घटली का? दर वर्षी जुने उमेदवार सोडून नवे घेतले आणि त्यांच्यावरच पॅकिंगचे किंवा माल वाहण्याचे काम भागवले, तर एका तरुणाला मिळालेली संधी दुसऱ्याच्या रोजगारातून कापलेली असते. फ्रान्समध्ये २३५ रोजगार कार्यालयांच्या क्षेत्रांत सुशिक्षित तरुण बेरोजगारांसाठी नोकरी शोधण्याच्या साहाय्याचा प्रयोग झाला. तो प्रशिक्षणाचा नव्हता, तरी त्याचा धडा येथे लागू आहे. साहाय्य मिळालेल्यांना काही काळ जास्त नोकऱ्या मिळाल्या, पण त्याच भागातल्या साहाय्य न मिळालेल्यांच्या संधी कमी झाल्या. फक्त लाभार्थी मोजले असते, तर हे नुकसान कोणाच्याच नजरेस पडले नसते.

२०१४ च्या दुरुस्तीनंतर, तुमच्याकडे शिकलेल्या उमेदवारांना नोकरीत घेण्याविषयीचे धोरण तुम्ही स्वतः ठरवणे कायद्याला अपेक्षित आहे. ते लेखी ठेवा आणि मुलांना पहिल्याच दिवशी वाचून दाखवा.

प्रश्न : माझा मुलगा बी.ए. आहे. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून त्याने एका सरकारी कार्यालयात काम केले. मुदत संपली, प्रमाणपत्र मिळाले, नोकरी मिळाली नाही. ही योजना अपयशी म्हणायची का? (एक पालक, जालना)

उत्तर : तुमच्या मुलाची निराशा मी समजू शकतो. जुलै २०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत १८ ते ३५ वर्षे वयाच्या उमेदवारांना बारावीसाठी ६,०००, आयटीआय किंवा पदविकेसाठी ८,००० आणि पदवीसाठी १०,००० रुपये दरमहा विद्यावेतन होते. मुदत आधी सहा महिने होती, ती नंतर अकरा महिने करण्यात आली. ही योजना नोकरीची हमी देत नव्हती. अनेक कुटुंबांनी ती तशी समजून घेतली, यात कुटुंबांचा दोष कमी आणि ती समजावून सांगणाऱ्यांचा जास्त आहे.

यश-अपयश एका मुलावरून ठरत नाही. पण चांगल्या मूल्यमापनाने तुमच्या मुलाला जे प्रश्न विचारले असते, ते तुम्ही घरी विचारू शकता. कार्यालयात तो नेमके काय करत होता? आवक-जावक नोंदवणे, झेरॉक्स काढणे आणि टेबलावरून टेबलावर फाइल नेणे एवढेच असेल, तर त्याला पैसे मिळाले, शिक्षण मिळाले नाही. तो ऑनलाइन प्रणालीवर अर्जांची छाननी करायला, टिपणी लिहायला, एक्सेलमध्ये ताळेबंद जुळवायला शिकला असेल, तर ते कौशल्य एखाद्या पतसंस्थेत, रुग्णालयाच्या बिलिंग विभागात किंवा खासगी कार्यालयात उपयोगी पडेल. त्याला शिकवण्याची जबाबदारी कोणा एका कर्मचाऱ्यावर होती का, आणि शेवटी त्याची परीक्षा झाली का, हेही विचारा. शासनानेही ही माहिती आस्थापनानिहाय गोळा करून खुली करावी, असे मला मनापासून वाटते; कोणत्या प्रकारच्या आस्थापनेत ठेवलेली मुले वर्षभराने कामावर आहेत, हे कळले तर पुढच्या तुकड्या योग्य ठिकाणी पाठवता येतील.

मुलाने प्रमाणपत्रासोबत केलेल्या कामांचे एक पानभर वर्णन तयार करावे आणि जमल्यास त्यावर त्या कार्यालयातल्या वरिष्ठांची सही घ्यावी.

प्रश्न : ‘मुली प्रशिक्षण घेतात, पण नोकरीत टिकत नाहीत’ असे आमच्या केंद्रात सतत म्हटले जाते. हे खरे आहे का? (एक प्रशिक्षिका, कोल्हापूर)

उत्तर : कोलंबियात तरुणींनाच ठळक लाभ झाला, हे वर आले आहे. दिल्लीच्या वस्त्यांत महिलांना सहा महिने शिवणकाम शिकवणाऱ्या कार्यक्रमाचा पुष्कर मैत्र आणि सुभा मणी या अर्थतज्ज्ञांनी चिठ्ठी पद्धतीने अभ्यास केला. प्रशिक्षित महिलांचे कामावर असण्याचे प्रमाण, कामाचे तास आणि कमाई वाढली, आणि दीड वर्षानंतरही तो लाभ टिकून होता. त्याच अभ्यासात प्रशिक्षण अर्धवट सोडण्यामागे केंद्राचे अंतर आणि मुले सांभाळायला कोणी नसणे या अडचणी पुढे आल्या. तेव्हा तुमच्या केंद्रात सोडून गेलेल्या प्रत्येक मुलीमागे ‘विवाह’ किंवा ‘घरगुती कारण’ एवढे लिहून थांबू नका. दुसऱ्या पाळीनंतर कंपनीची बस कोठपर्यंत सोडते, कामावर स्वच्छतागृह आहे का, घरभाडे वजा जाता हातात किती उरते, हे विचारून लिहा. त्यांतल्या अनेक गोष्टी केंद्राला आणि कंपनीला मिळून सोडवता येतात.

प्रश्न : मी आयटीआयमध्ये निदेशक आहे. नोकरी लागल्याची नोंद कशी ठेवावी आणि किती काळ पाठपुरावा करावा? खर्चाला पैसे नाहीत. (एक वाचक, चंद्रपूर)

उत्तर : पाठपुरावा किमान वर्षभर करावा, जमल्यास दोन-तीन वर्षे. डेव्हिड कार्ड, योखेन क्लूवे आणि आंद्रेया वेबर या अर्थतज्ज्ञांनी जगभरातल्या २०० हून अधिक मूल्यमापनांचा एकत्र विचार केला, तेव्हा प्रशिक्षणाचा लाभ पहिल्या वर्षात जेमतेम आणि दोन-तीन वर्षांनी अधिक स्पष्ट दिसला. तीन महिन्यांनी पाहणी बंद केली, तर चांगला कार्यक्रम वाईट ठरू शकतो आणि वाईट कार्यक्रम चांगला.

नोंदीविषयी सांगायचे तर, बऱ्याच नोंदवह्यांत ‘नोकरी लागली : होय’ आणि पुढे नियुक्तीपत्राची झेरॉक्स एवढेच असते. नियुक्तीपत्र मिळालेला मुलगा हजर झाला का, झाला तर कंपनीच्या नावावर की ठेकेदाराच्या, आणि सातव्या महिन्यात ब्रेक देऊन त्याला घरी बसवले का, हे त्यावरून कळत नाही. देशाच्या श्रमबल सर्वेक्षणात गेल्या सात दिवसांत एक तास कमाईचे काम केलेलाही कामावर धरला जातो. देशाच्या पातळीवर ती व्याख्या आवश्यक असली, तरी तुमच्या फिटरच्या तुकडीसाठी ती फार ढिली आहे. शिकाऊ उमेदवारीच्या काळात कायद्याप्रमाणे भविष्यनिर्वाह निधी कापला जात नाही, म्हणून पगारपत्रकावर पहिल्यांदा पीएफची कपात दिसते तो महिना खरी नोकरी सुरू झाल्याची चांगली खूण आहे. ती खूण परिपूर्ण नाही, कारण गॅरेजमध्ये किंवा स्वतःच्या वेल्डिंगच्या दुकानात बरे कमावणारा मुलगा तिच्यात येत नाही. त्याच्यासाठी गेल्या महिन्यात हातात आलेले पैसे आणि कामाचे दिवस विचारावेत.

यासाठी पैसे फारसे लागत नाहीत. लागते ती प्रवेशाच्या दिवशीची तासाभराची दक्षता. प्रत्येक अर्जदाराकडून, प्रवेश मिळो वा न मिळो, तीन क्रमांक घ्या : स्वतःचा, घरातल्या एकाचा आणि गावातल्या अशा माणसाचा, ज्याचा क्रमांक वर्षानुवर्षे बदलत नाही, बहुतेक गावांत किराणा दुकानदार, अंगणवाडी सेविका किंवा आशा कार्यकर्ती असतेच. माहिती कशासाठी हवी हे सांगून लेखी संमती घ्या. गेल्या महिन्याची कमाई, घरातले कमावते आणि शिक्षण त्याच वेळी लिहून ठेवा, कारण वर्षभराने ते कोणालाच नीट आठवत नाही. फोन सहाव्या, बाराव्या आणि चोविसाव्या महिन्यात, संध्याकाळी सातनंतर किंवा साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी करावा. चाकण-तळेगावकडे गेलेली मुले पाळीवर असताना फोन उचलत नाहीत. जे सापडले नाहीत त्यांना ‘नोकरी नाही’ किंवा ‘नोकरी आहे’ असे गृहीत न धरता ‘संपर्क झाला नाही’ असा वेगळा रकाना ठेवा आणि अहवालात तो आकडा पहिल्याच पानावर छापा. फोन मात्र ज्याने शिकवले त्याने करू नये, कारण गुरुजींना ‘काम सुटले’ असे सांगायला मुलांना संकोच वाटतो. शेजारच्या ट्रेडच्या निदेशकाला करायला सांगा आणि त्याच्या तुकडीचे फोन तुम्ही करा.